आकडा, संप आणि सही

गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कविता, कादंबऱ्या, नाटके, कार्यकर्त्यांच्या आठवणी आणि कामगार चळवळीचे इतिहास यांतून इथले दुःख आले, इथला लढाऊपणा आला, भजनीमंडळे आणि खानावळीही आल्या. इथल्या माणसाचा हिशेब मात्र फारसा आला नाही. पगाराच्या पाकिटाचा हिशेब मला म्हणायचा नाही. पुढे काय होणार हे माहीत नसताना माणूस आज काय करायचे ते ठरवतो, तो हिशेब मला अभिप्रेत आहे. मटक्यावर रुपया लावायचा की नाही, संप चालू ठेवायचा की कामावर परतायचे, बिल्डरच्या कागदावर सही करायची की थांबायचे, हे सारे प्रश्न एका जातीचे आहेत. त्यांचे एक शास्त्रही आहे. मी काळाचौकीत राहतो. महाविद्यालयात गणित शिकलेलो नाही. जे शिकलो ते फोर्टच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून आणि दादरच्या ग्रंथालयात बसून. त्यामुळे हे शास्त्र ज्या क्रमाने मला आमच्या भागातल्या उदाहरणांतून उलगडत गेले, त्याच क्रमाने इथे मांडतो.

या विद्येची एक फार जुनी खूण महाभारताच्या वनपर्वात आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या एका झाडाकडे पाहून त्याच्या फांद्यांवरची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजून पाहतो, तर आकडा बरोबर निघतो. मग नळ त्याला अश्वविद्या देतो आणि त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, घेतो. मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसाजवळ असणे हा मला योगायोग वाटत नाही. युरोपात या विद्येला गणिताचे रूप आले ते १६५४ मध्ये. अर्ध्यावर मोडलेल्या जुगारातले पैसे दोघा खेळाडूंत कसे वाटावेत, या प्रश्नावर पास्कल आणि फेर्मा यांनी एकमेकांना पत्रे लिहिली. त्यांनी शोधलेली रीत सोपी होती: जे जे घडू शकते त्याचा लाभ घ्यावा, त्याला ते घडण्याच्या संभाव्यतेने गुणावे आणि सर्वांची बेरीज करावी. या बेरजेला अपेक्षित मूल्य म्हणतात.

ठाऊक असलेली शक्यता

गिरणगावात ही रीत तपासून पाहायला मटक्याइतके चांगले उदाहरण नाही. मटक्याचे मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव मुंबईत येई आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. काळाचौकीहून चालत जाता येईल अशा कॉटन ग्रीनला कापूस बाजाराची भव्य इमारत आजही उभी आहे. हे भाव येणे थांबल्यावर, १९६० च्या दशकाच्या आरंभी, कल्याणजी भगत आणि नंतर रतन खत्री यांनी आकडा इथेच काढायला सुरुवात केली, आधी चिठ्ठ्यांतून आणि मग पत्त्यांतून. न्यूयॉर्क गेले, पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे राहिले.

शून्य ते नऊ या दहा आकड्यांपैकी एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला, तर सर्वसाधारण भाव नऊ रुपयांचा असे. दहाही आकड्यांना सारखी संधी आहे असे धरू. नऊ रुपये मिळण्याची शक्यता दहात एक, म्हणजे रुपयाचे अपेक्षित मूल्य ९० पैसे. ओपन आणि क्लोज मिळून होणाऱ्या जोडीला नव्वदचा भाव आणि शंभरात एक शक्यता, म्हणजे पुन्हा ९० पैसे. तिन्ही पत्ते एकाच आकड्याचे येतील असे सांगणाऱ्याला सहाशेचा भाव मिळे. दर वेळी प्रत्येक आकड्याला सारखी संधी धरली, तर ठरावीक तीन सारखे आकडे येण्याची शक्यता हजारात एक, म्हणजे रुपयाचे झाले ६० पैसे. सहाशे हा आकडा कानाला सर्वांत गोड लागतो आणि हिशेबात तोच सर्वांत कडू निघतो.

रोज एक रुपया असा वर्षात ३०० दिवस एका आकड्यावर लावणाऱ्याचा सरासरी तोटा ३० रुपये होतो. दहा दिवस ओळीने काहीच न लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते, म्हणजे तीनात एकाहून अधिक. अशा दहा दिवसांनंतर ‘आता तरी लागणारच’ असे खेळणाऱ्याला वाटते. पण चिठ्ठीला कालची आठवण नसते. अकराव्या दिवशीही शक्यता दहात एकच असते. वहीत जुन्या आकड्यांचे तक्ते मांडून पुढचा आकडा शोधणारी हुशार माणसे आमच्या भागात होती. त्यांची मेहनत खरी होती, पण तिला धरायला जागाच नव्हती.

इथे लगेच ‘कामगार अडाणी होता म्हणून खेळला’ असे म्हणू नये. रुपयामागे दहा पैसे हे काहींच्या लेखी रात्रीपर्यंत आशा बाळगण्याचे मोल होते, आणि सिनेमाचे तिकीट काढणाराही पैसे परत मिळावेत म्हणून ते काढत नाही. अडचण सुरू होते ती लावलेला रुपया वाण्याच्या उधारीतला असतो तेव्हा. त्यासाठी दुसरा नियम लागतो.

सारख्या रुपयाचे सारखे मोल नसते

दुसरा नियम डॅनिएल बर्नुली याने १७३८ मध्ये मांडला. त्याचे म्हणणे असे की माणूस पैशाची सरासरी जगत नाही, पैशाचे त्याला असलेले मोल जगतो, आणि ते मोल त्याच्याजवळ आधी किती आहे यावर ठरते. ज्याच्याजवळ हजार रुपये आहेत त्याला आणखी हजार मिळणे आणि ज्याच्याजवळ लाख आहेत त्याला आणखी लाख मिळणे, यांचे समाधान साधारण सारखे. म्हणजे मोजायचे ते रुपये नव्हेत, दुपटी मोजायच्या. उलट्या बाजूने प्रत्येक निमपटही तशीच मोजायची. बदली कामगाराचे शंभर रुपये बुडणे आणि गिरणीमालकाचे शंभर रुपये बुडणे यांतला फरक आमच्या आज्यांना बर्नुलीशिवाय कळत होता. बर्नुलीने त्याला मोजमाप दिले, इतकेच.

याची दुसरी बाजू म्हाडाच्या सोडतीत दिसते. गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांपैकी सुमारे ६,९०० घरांची पहिली मोठी सोडत २८ जून २०१२ रोजी झाली. घर २२५ चौरस फुटांचे आणि किंमत साडेसात लाख. अर्ज दीड लाखाच्या आसपास. नंतर २०१६ आणि २०२० मध्येही सोडती झाल्या. इथे शक्यता थोडी होती, पण अर्ज करून हरणाऱ्याचे जवळजवळ काहीच जात नव्हते. जिथे तळच नाही तिथे फार विचार लागत नाही. अर्ज करावा हे उघड आहे. खर्च होतो तो वेगळ्या ठिकाणी. ‘घर लागणारच आहे’ म्हणून गावचे घर दुरुस्त न करणे, उपनगरात परवडणारी खोली न घेणे, मुलाचे लग्न लांबवणे, असा प्रतीक्षेचा खर्च अर्जावर छापलेला नसतो, पण हिशेबात तो धरावाच लागतो.

ठाऊक नसलेली शक्यता

मटका आणि सोडत यांत शक्यता निदान मोजता येते. संपात ती मोजता येत नाही. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये हा भेद स्पष्ट केला. शक्यता मोजता येते तेथे जोखीम, येत नाही तेथे अनिश्चितता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणीसंप ही अनिश्चितता होती, आणि त्यात समोर निर्जीव चिठ्ठी नव्हती. स्वतःचा हिशेब करणारा दुसरा पक्ष होता.

गेली चार दशके सुशिक्षित मध्यमवर्गीय बैठकीत एक वाक्य ठरलेले असते: ‘कामगारांनी विचार न करता उडी घेतली.’ हे वाक्य तपासायला हवे. तपासताना १९८१ च्या अखेरीस कामगाराला काय माहीत होते तेवढेच हाताशी घ्यायचे. नंतर काय झाले ते बाजूला ठेवायचे.

कामगाराला आधीचे संप माहीत होते. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला होता. १९५० चा बोनससाठीचा संप ६३ दिवस चालला. १९७४ चा त्याहूनही लवकर संपला. या अनुभवावरून अंदाज बांधणारा माणूस ‘दोन महिने, फार तर सहा’ असेच म्हणणार. दुसरी गोष्ट, डॉ. दत्ता सामंत यांनी इंजिनिअरिंग आणि इतर कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. तिसरी गोष्ट, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, आणि १९८१ च्या दिवाळीत बोनसचा जो करार झाला त्यावर कामगार संतापले होते. म्हणजे संप न करण्याच्या रकान्यातही सुख लिहिलेले नव्हते. चौथी गोष्ट, बऱ्याच जणांचे कोकणात किंवा घाटावर घर आणि थोडी शेती होती. पेरणी-लावणीला गावी जाऊन काही महिने काढता येत. याचा अर्थ हरण्याच्या रकान्यालाही एक तळ होता.

या चार गोष्टी मांडल्या की निर्णय विचारशून्य दिसत नाही. आपण निर्णयाचा दर्जा आणि फळाचा दर्जा यांची गल्लत करतो. चांगल्या निर्णयाचे फळ वाईट निघू शकते आणि मटक्यावर पगार लावणाऱ्यालाही कधीतरी आकडा लागतो.

मग हिशेबात काय चुकले? माझ्या मते चूक समोरच्याच्या रकान्यात होती. संपाची ताकद कामगार किती दिवस उपाशी राहू शकतो यावर जितकी अवलंबून, तितकीच गिरणी बंद राहिल्याने मालकाचे रोज किती जाते यावर. १९२८ मध्ये गिरणी बंद म्हणजे मालकाचे नुकसान हे समीकरण बरेच खरे होते. १९८२ पर्यंत ते बदलले होते. अनेक गिरण्यांकडे न खपलेल्या कापडाचे साठे होते. भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमाग चालू होते आणि बाजारात कापड येतच होते. यंत्रे जुनी झाली होती, आणि ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीन शहराच्या मध्यभागी होती. त्या जमिनीच्या विकासाला अधिकृत वाट मिळाली ती पुढे, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने, आणि २००१ च्या बदलाने तिच्यातला सार्वजनिक घरांचा व मोकळ्या जागेचा वाटा आक्रसला. पण बंद गिरणी मालकाला पूर्वीइतकी महाग पडत नाही, ही गोष्ट १९८२ मध्येच खरी झालेली होती. सरकारलाही एका संपाने तो कायदा मोडीत निघाला असे दाखवायचे नव्हते. दोन पक्षांच्या खेळात आपला रकाना कितीही काळजीपूर्वक भरला, तरी समोरच्याचा जुनाच धरला, तर उत्तर चुकते.

आणखी एक गोष्ट. पहिल्या दिवशी घेतलेला निर्णय तेवढ्यावर संपत नाही. सहाव्या महिन्यात, दहाव्या महिन्यात तो नव्याने घ्यावा लागतो. तेव्हा ‘एवढे सोसले ते वाया जाईल’ हा विचार हिशेबात घेऊ नये असे शास्त्र सांगते, कारण गेलेले दोन्ही रकान्यांत सारखेच गेलेले असते. पण एकट्याने आत जाणाऱ्याला चाळीत राहायचे असे, आणि शेजाऱ्यांशी तुटणे हाही खर्चच होता. तो हिशेब सर्वांनी मिळूनच करता आला असता. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी एक लाखाहून अधिकांची नोकरी कायमची गेली.

आजचा रकाना

गिरण्या गेल्या, पण प्रश्न राहिला. आज काळाचौकी, लालबाग, परळमधल्या चाळींत आणि वसाहतींत तो पुनर्विकासाच्या रूपाने आला आहे. सभा होतात, आराखडे भिंतीवर लागतात, आणि संमतीच्या कागदावर सही मागितली जाते. एक कल्पित कुटुंब घेऊ. आकडे माझे आहेत, केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले. त्यांच्या खोलीचे त्यांना आज असलेले मोल ४० लाख. योजना पूर्ण झाली तर नव्या घराचे मोल १२० लाख. चाळ पाडली आणि काम अडकले, भाडे थांबले, तर हाती उरेल ते १० लाखांचे मोल.

नुसत्या सरासरीने पाहिले तर योजना पूर्ण होण्याची शक्यता २७ टक्के असली, तरी सही करणे आणि न करणे समसमान ठरते. (१२० ला २७ टक्के आणि १० ला ७३ टक्के मिळून ४० येतात.) त्याहून थोडी जरी शक्यता जास्त वाटली तरी सही करावी, असे हा हिशेब सांगतो. ज्याचे विरारला दुसरे घर आहे त्याला तो ठीक आहे. पण ज्यांना ही एकच खोली आहे त्यांनी दुपटींनी मोजावे. १० पासून ४० पर्यंत दोन दुपटी. १० पासून १२० पर्यंत सुमारे ३.६ दुपटी. दोनाला ३.६ ने भागा, ५६ टक्के येतात. म्हणजे त्याच चाळीत, त्याच कागदावर, एकाने २७ टक्के खात्रीवर सही करणे शहाणपणाचे, तर शेजाऱ्याने ५६ टक्क्यांच्या खाली सही न करणे शहाणपणाचे. दोघांपैकी कोणीही भित्रा किंवा लोभी नाही.

आता सभेत ज्यावर सर्वांत जास्त आवाज चढतो त्याकडे पाहू: वाढीव चौरस फूट. समजा भांडून घर मोठे करून घेतले आणि १२० चे १४० झाले. एकाच खोलीवाल्या कुटुंबाला लागणारी खात्री ५६ वरून ५३ टक्क्यांवर येते. तेवढाच फरक. उलट वरचा आकडा १२० च ठेवून खालचा उचलला, म्हणजे दोन-तीन वर्षांचे भाडे आगाऊ जमा, बँक गॅरंटी, प्रत्येकाच्या नावाचा नोंदणीकृत करार आणि टप्प्याटप्प्याने रिकामे करणे अशा अटींनी १० चे २५ केले, तर लागणारी खात्री ५६ वरून ३० टक्क्यांवर उतरते. वीस लाख वर जोडल्याने तीन टक्के हलले आणि पंधरा लाख तळाशी जोडल्याने सव्वीस टक्के हलले. इतकी वर्षे हे शास्त्र वाचून मला आमच्या लोकांना सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी ही निवडीन.

तळ म्हणजे काय हे गोरेगावच्या पत्राचाळीने दाखवले आहे. तिथे २००८ मध्ये करार झाला, ६७२ कुटुंबांनी जागा सोडली, काम अडकले, भाडे थांबले आणि माणसे वर्षानुवर्षे स्वतःच्या खर्चाने इतरत्र राहिली. दुसऱ्या बाजूने, न हलणेही फुकट नसते. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. म्हाडा दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. ज्यांची इमारत त्या यादीच्या वाटेवर आहे त्यांच्या ‘थांबा’ या रकान्यात ४० हा पक्का आकडा लिहिता येणार नाही. तिथे जिवाचा आकडा येतो, आणि तो रुपयांत मांडू नये. अशा ठिकाणी आधी सुरक्षित जागी जाणे आणि मग भांडणे हेच बरोबर.

बहुमताचा प्रश्न यातून वेगळा उठतो. संमती टक्केवारीने मोजली जाते. निम्म्याहून थोड्या अधिक सह्या झाल्या की उरलेल्यांनाही जावे लागते. त्या निम्म्यांत दुसरे घर असलेले, भाडेकरू ठेवून बाहेर राहणारे, नुकतीच खोली विकत घेतलेले, असे सरासरीने मोजू शकणारे लोक अधिक असले, तर पेन्शनीवर जगणाऱ्या एकट्या विधवेचा निर्णय त्यांच्या टक्केवारीने होतो. म्हणून करारातल्या अटी सरासरी सभासदाला पाहून ठरवू नयेत. चाळीत ज्याचा तळ सर्वांत खोल आहे त्याला पाहून ठरवाव्यात. तसे केल्याने धीट माणसाचे फारसे जात नाही, हे वरच्या आकड्यांतूनच दिसते.

शक्यतेचा खरा आकडा कोणालाच ठाऊक नसतो, मग हे सारे कशासाठी, असे वाचक विचारतील. आकडा ठाऊक नसला तरी प्रश्न नेमका होतो. ‘बिल्डर चांगला आहे का’ हा गप्पांचा प्रश्न आहे. ‘याने याआधी किती योजना हाती घेतल्या आणि त्यांतल्या किती लोकांच्या हाती किल्ल्या आल्या’ हा उत्तर मिळू शकणारा प्रश्न आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न सभेत विचारावेत. काम उद्या थांबले तर माझ्या हातात नेमके काय उरेल, आणि ते कोणत्या कागदावर लिहिले आहे? काम थांबले तर समोरच्याचे रोज काय जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर १९८२ आठवावे आणि त्याचेही काहीतरी जाईल असे कलम करारात घालून घेईपर्यंत पेनाचे टोपण काढू नये.